पीई वॅक्स : पाइप खरबरीत आला की मूठभर टाकायचं औषध नव्हे

गोदाकाठ (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी.

वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड, कुठल्याही एमआयडीसीत जा, पीव्हीसी पाइप ओढणारा एखादा तरी छोटा कारखाना सापडतोच. शेतीचा पाइप, बोअरचा केसिंग, घरातल्या वायरिंगचा कंड्युट. या सगळ्यांच्या मिक्सरशेजारी एक पोतं असतं, पांढऱ्या दाण्यांचं किंवा पापुद्र्यांचं. पीई वॅक्स. त्यातलं किती टाकायचं हे बऱ्याच ठिकाणी ऑपरेटरच्या मुठीवर चालतं, आणि ते बघून जीव तुटतो म्हणून हा धागा काढतोय.

आधी हे आहे काय ते सांगतो. पिशव्या, ड्रम, ठिबकच्या नळ्या ज्या पॉलिथिलीनच्या होतात, त्याचीच ही आखूड साखळी. प्लास्टिकच्या पॉलिथिलीनचा रेणुभार लाखाच्या घरात जातो, वॅक्सचा साधारण एक हजार ते दहा हजार. साखळी आखूड, म्हणून वितळलं की पाण्यासारखं पातळ होतं. बाजारात ते तीन वाटांनी येतं. काही जण इथिलीनपासून थेट बनवतात, काही जण मोठं पॉलिथिलीन तापवून तोडतात, आणि काही माल एचडीपीई या घन जातीच्या पॉलिथिलीनच्या प्लांटमध्ये जोडउत्पादन म्हणून निघतो. थेट बनवलेल्या मालाची प्रत बॅचमागून बॅच सारखी राहते. जोडउत्पादनात तेल आणि हलके अंश राहिलेले असू शकतात, म्हणून तो स्वस्त मिळतो आणि मशीनवर धूर करतो.

पीव्हीसीत त्याचं काम काय? पीव्हीसी हे तापायला भित्रं प्लास्टिक आहे. ओढायला १७० ते २०० अंश लागतात, आणि त्याच तापमानात ते हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडून पिवळं, मग तपकिरी, मग काळं पडतं. मिश्रणात घातलेला स्टॅबिलायझर हे थोपवून धरतो. पण मशीनचं नळकांडं म्हणजे बॅरल आणि त्यात फिरणारा स्क्रू, यांच्या घर्षणाने माल स्वतःच तापत गेला तर एकटा स्टॅबिलायझर किती पुरणार? इथे ल्युब्रिकंट, म्हणजे वंगण, लागतो. पीई वॅक्स पीव्हीसीत मिसळत नाही, त्याला पीव्हीसीचं वावडं आहे. म्हणून ते कणांच्या फटींत आणि धातूच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं, माल बॅरलला चिकटू देत नाही. याला बाह्य ल्युब्रिकंट म्हणतात.

आता मुद्द्याचं. पर्यावरण मंत्रालयाने २०२१ साली पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधल्या लेड स्टॅबिलायझरवर नियम काढले आणि आपले बहुतेक कारखाने कॅल्शियम-झिंक वनपॅककडे वळले. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात शिसं नको, याबद्दल दुमत असायचं कारणच नाही. पण लेडच्या जुन्या पाककृतीत लेड स्टिअरेट असायचं आणि ते स्वतःच ल्युब्रिकेशन करायचं. ती सगळी व्यवस्था चुका पोटात घालणारी होती. वनपॅक तसं नाही. त्यात स्टॅबिलायझरबरोबर ल्युब्रिकंटही आधीच मोजून घातलेले असतात. तरी लोक जुन्या सवयीने वरून वॅक्स टाकतात, आणि पाइप खरबरीत आला की आणखी टाकतात.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. विशेषतः मशीनवर उभं राहणाऱ्यांनी.


शिफ्ट_बी :

दादा, मी जालन्याला लाइनवर आहे. तुम्ही म्हणता ते बरोबर असंल, पण आमचा रोजचा हिशोब साधा आहे. स्क्रूच्या मोटारीचा अँपिअर चढायला लागला की हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या तोंडावरच्या नरसाळ्यात, थोडं वॅक्स सोडतोत. अँपिअर उतरतो, पाइप चमकतो, मशीन गपगार चालतंय. मालक खुश, आपण खुश. मग ह्यात बिघडतंय काय? इथं तर सगळेच असंच करायलेत.


गोदाकाठ :

भाऊ, तुझा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पीव्हीसीची पावडर म्हणजे एकसंध दाणे नव्हेत. प्रत्येक दाण्यात बारीक कणांचे थर असतात. बॅरलमध्ये उष्णता आणि घर्षण मिळून हे दाणे फुटतात, आतले कण एकमेकांत विरघळल्यासारखे जुळतात. याला आपण फ्यूजन म्हणतो. पाइपाची सगळी ताकद या जुळण्यात आहे. घर्षण फार झालं तर माल जळतो, हे खरं. पण घर्षण कमी पडलं तर दाणे फुटतच नाहीत. बाहेरून गुळगुळीत पाइप निघतो आणि आत अर्धवट जुळलेली पावडर राहते.

तू हॉपरमध्ये वॅक्स सोडतोस तेव्हा अँपिअर उतरतो, कारण स्क्रूला काम कमी पडतं. ते काम म्हणजेच फ्यूजन. मशीनचा आराम आणि पाइपाची ताकद एकाच खिशातून जातात. अँपिअर खाली आला म्हणून माल सुधारला असं समजू नकोस. उलट नेहमीच्या लोडपेक्षा तो बराच खाली गेला असेल तर पाइप बाजूला काढून तपासायला हवा.

आणखी एक. पाइप आतून खरबरीत येण्याची दोन अगदी उलटी कारणं आहेत. एक, ल्युब्रिकंट कमी पडून माल डायला, म्हणजे पाइपाला आकार देणाऱ्या साच्याला, घासतोय. दोन, ल्युब्रिकंट जास्त होऊन माल पुरता जुळलेला नाही. पहिल्यात अँपिअर चढलेला असतो, मालाचं तापमान वाढलेलं असतं, पिवळट रेघा दिसतात. दुसऱ्यात अँपिअर पडलेला असतो आणि आतली बाजू वाळूच्या कागदासारखी लागते, रंग मात्र छान पांढरा. दुसऱ्या प्रकारात वॅक्स वाढवलं की दुखणं वाढतं, आणि ऑपरेटर अजून वाढवतो. म्हणून हात घालण्याआधी अँमीटर वाचायचा.

प्रमाण किती? वनपॅक नसेल, सुटी पाककृती असेल, तर १०० किलो रेझिनला (पीव्हीसीच्या पावडरीला) साधं पीई वॅक्स १०० ते २०० ग्रॅम एवढ्याच्या आसपास असतं. मूठ नव्हे, वजनकाटा. वनपॅक असेल तर आधी पुरवठादाराला विचारायचं की आत काय घातलंय. वरून टाकायची गरज असलीच तर ती फारच थोडी असते.


प्रयोगशाळेतली :

गोदाकाठ दादांनी लिहिलेल्याला माझ्या टेबलावरून जोड देते. मी सिपेट या प्लास्टिकच्या केंद्रीय संस्थेतून शिकून आता एका पाइप कारखान्यात क्वालिटी बघते.

फ्यूजन डोळ्यांनी कळत नाही, पण अॅसिटोनने कळतं. पाइपाचा तुकडा कोरड्या अॅसिटोनमध्ये २० मिनिटं बुडवून ठेवा. नीट जुळलेला पाइप थोडा फुगतो, मऊ पडतो, पण अंगावरचे पापुद्रे सुटत नाहीत. जुळणी कच्ची असेल तर पृष्ठभाग सोलल्यासारखा निघतो, कधीकधी पीठ होऊन तळाशी बसतं. अॅसिटोन खरंच कोरडं हवं, पाणी शिरलेलं असेल तर खराब पाइपही पास दिसतो. आणि ते भडकन पेट घेतं, तेव्हा हीटरपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. मोठ्या प्रयोगशाळांत डायक्लोरोमिथेन वापरतात, ते जास्त कडक आहे, पण त्याची वाफ घातक, त्यामुळे शेडमध्ये आणू नका.

मी हे एवढ्यासाठी सांगते की कच्च्या फ्यूजनचा पाइप कारखान्यात सहसा फुटत नाही. तो फुटतो शेतात. उन्हाळ्यात बोअरवरून लाइन ओढलेली, मोटार एकदम सुरू होते, पाण्याचा दणका बसतो आणि पाइप लांबच्या लांब चिरतो. शेतकऱ्याला वाटतं आपणच नीट पुरला नाही. आपल्या भागात पाण्याची अवस्था काय असते ते वेगळं सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात चिरलेल्या पाइपातून वाहून गेलेलं पाणी मला माझ्या टेबलावरून दिसतं.

दुसरं, ऑक्सिडाइज्ड वॅक्स. ओपीई म्हणतात ते. साध्या पीई वॅक्सला गरम अवस्थेत हवेची प्रक्रिया देतात, त्यामुळे साखळीवर आम्लगट येतात. आम्लगटामुळे ते धातूला धरून बसतं आणि पीव्हीसीच्या थोडं जवळ जातं. म्हणजे माल डायपासून सुटा करतं, पण साध्या वॅक्सइतकं फ्यूजन लांबवत नाही, उलट थोडी मदतच करतं. लागतंही कमी, १०० किलोला ५० ते १५० ग्रॅम. दोन्ही पोती सारखीच दिसतात. खरेदीवाल्याने एकाऐवजी दुसरं आणलं तर पाककृती बदलली असं समजा, नुसता ब्रँड नव्हे. चाचणी अहवालावर आम्लांक, म्हणजे आम्लगट किती आहेत तो आकडा, बघा. साध्याचा जवळजवळ शून्य, ऑक्सिडाइज्डचा बहुतेक ग्रेडमध्ये १५ ते २५.


खरेदीखातं :

ताईंनी आमचं नाव घेतलं, तेव्हा बोलायलाच हवं. आमच्या टेबलावर दर आठवड्याला नवा दलाल येतो, 'सेम क्वालिटी, किलोमागे इतके कमी' म्हणत. अहवाल सगळ्यांकडेच असतो. आमच्यासारख्या छोट्या युनिटकडे ड्रॉप पॉइंट (वॅक्स वितळून थेंब पडायचं तापमान) काढायचं यंत्र नाही. मग ओळखायचं कसं?


प्रयोगशाळेतली :

एक घरगुती पण चांगली चाळणी आहे. पातेल्यात पाणी उकळा, त्यात चमचाभर वॅक्स टाका. पॅराफिन (मेणबत्तीचं मेण) ५० ते ६५ अंशांत वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात लगेच तेल होऊन तरंगतं. एचडीपीई जातीच्या चांगल्या पीई वॅक्सचा ड्रॉप पॉइंट ११० च्या वर असतो, ते दाणा राहतं. एलडीपीई जातीचं १०० ते १०८ च्या आसपासचं असेल तर कडा मऊ होतील, पण पातळ होणार नाही. दाणे अर्धवट वितळून तवंग आला तर पॅराफिनची भेसळ आहे असं धरून माल परत पाठवा.

तेलासाठी टिपकागदावर ठेवून उन्हात ठेवा. डाग पसरला तर हलके अंश आहेत. हेच अंश पुढे व्हेंटमधून धूर होऊन निघतात आणि डायवर, पाइपाचं माप ठरवणाऱ्या सायझिंग स्लीव्हवर चिकट थर धरतात. मग दर दोन तासांनी मशीन थांबवून डाय पुसत बसा.

ही चाळणी आहे, प्रमाणपत्र नव्हे. शंका आली तर नमुना सिपेटसारख्या ठिकाणी तपासून घ्या.


लातूरचा_फोरमन :

पॅराफिनचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली गोदामात उभं राहवत नाही. पॅराफिन आणि स्टिअरिक अॅसिडची खालची पोती दाबून ढेकूळ होतात. कामगार ती फोडून टाकतात, मिक्सरमध्ये वजन नीट पडत नाही. पीई वॅक्सला हा त्रास नाही, ते पत्र्याखालीही दाण्यासारखं सुटं राहतं. आपल्या हवेत हा फायदा लहान नाही.

आता माझा प्रश्न. लाइट. मध्येच गेली की बॅरलमधला माल जाग्यावर शिजतो. लाइट आल्यावर काळे डाग निघायला लागतात. काही जण म्हणतात वॅक्स जास्त असलं की माल जळत नाही. खरं आहे का?


गोदाकाठ :

फोरमन साहेब, अर्धं खरं. वॅक्स जास्त असलं तर माल धातूला कमी चिकटतो, एवढंच. जळणं थांबवतो तो स्टॅबिलायझर. उभ्या बॅरलमध्ये घर्षण नसतंच, नुसती साठलेली उष्णता असते, तिथे वॅक्स काय करणार?

आठवड्याचा ठरलेला बंद असेल तर थांबण्याआधी पर्जिंगचा, म्हणजे बॅरलमधला नेहमीचा माल ढकलून काढणारा, माल चालवा. त्यात स्टॅबिलायझर आणि ल्युब्रिकंट दोन्ही नेहमीपेक्षा जास्त असतात, तो बॅरलमध्ये राहिला तरी टिकतो. त्याचा पाइप विकायचा नाही, हे लिहून चिकटवा. अचानक गेली तर जनरेटरवर निदान स्क्रू फिरवून बॅरल रिकामं करता यावं एवढी सोय हवी. आणि जळक्या मालाचा आंबट, डोळ्यांत जाणारा वास आला की पोरांना आधी शेडबाहेर काढा, दारं उघडा. तो हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू असतो. छातीलाही लागतो आणि स्क्रूलाही खातो.

पर्जिंगसाठी ठेवलेलं जास्तीचं वॅक्स रोजच्या मालात वापरायची सवय मात्र लागू देऊ नका.


काळा_दाणा :

पैठण रोडला आमचं मास्टरबॅचचं, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायच्या घट्ट रंगदाण्यांचं, काम आहे. पीव्हीसीवाल्यांची चर्चा वाचली, आता आमच्या बाजूचं. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? कार्बन ब्लॅक नसला तर ऊन पॉलिथिलीनला काही हंगामांत ठिसूळ करतं. मानकात ठिबकच्या लॅटरलला, म्हणजे रोपांपर्यंत जाणाऱ्या बारीक नळीला, कार्बन ब्लॅक २.५ टक्के, अर्धा टक्का इकडं-तिकडं, एवढा मागतात. आमच्या ४० टक्के कार्बनच्या मास्टरबॅचचे ६ किलो १०० किलो मालात पडले की २.४ टक्के झाले.

पण कार्बन नुसता असून भागत नाही, तो पसरायला हवा. कार्बनचे कण गठ्ठे करून बसतात. पीई वॅक्स पातळ असल्यामुळे गठ्ठ्याच्या फटींत शिरतं, कण ओले करतं, पुन्हा चिकटू देत नाही. रंगीत मास्टरबॅचमध्येही तेच. हिरवा, निळा पिगमेंट वॅक्सशिवाय ठिपके-ठिपके दिसतो.

इथेही जास्त वॅक्सचा सापळा आहे, फक्त वेगळा. गठ्ठा भिजवायचं काम वॅक्सचं, फोडायचं काम स्क्रूच्या रगड्याचं. वॅक्स जास्त झालं की माल इतका पातळ होतो की स्क्रूला रगडायला काही उरतच नाही. गठ्ठे भिजतात पण फुटत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ कापात काळे खडे दिसतात. लॅटरलची भिंत आधीच पातळ, त्यात असा खडा म्हणजे तिथूनच भेग. शिवाय आखूड साखळ्या दोन स्फटिकांमधला दुवा होऊ शकत नाहीत, म्हणून वॅक्स वाढलं की ताणाखाली भेगा पडायची भीती वाढते. ठिबकमधून खतं जातात, नळी वाकवून ड्रिपर टोचतात, हे सगळं त्या नळीला सोसायचं असतं.

मास्टरबॅच स्वस्त हवा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की स्वस्त मास्टरबॅचमध्ये पहिल्यांदा वॅक्सचा टक्का वाढवलेला असतो किंवा कार्बनचा कमी केलेला असतो.


अंबडचा_बागवान :

मी कारखान्यातला नाही, मोसंबीवाला आहे. आमच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बाहेर पाठवताना चकाकी दिली की भाव बरा मिळतो. एका व्यापाऱ्याने सांगितलं की प्लास्टिकच्या कारखान्यातलंच वॅक्स पाण्यात फेटून फळाला लावतात. तुम्ही ज्याची चर्चा करताय तेच का हे? लावावं का?


प्रयोगशाळेतली :

काका, अजिबात लावू नका.

गोष्टीत थोडं तथ्य आहे म्हणून गैरसमज पसरतो. ऑक्सिडाइज्ड पीई वॅक्सचं पाण्यात इमल्शन होतं. कापडाला मऊपणा देण्यासाठी, शिवताना सुईने धागा तुटू नये म्हणून ते सर्रास वापरतात. अमेरिकेत आणि युरोपात त्याचा खाद्य दर्जाचा प्रकार लिंबूवर्गीय फळांच्या सालीवर चालतो. पण आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांवर मधमाश्यांचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक यांनाच परवानगी आहे, आणि तेही लेबलवर लिहून. त्यातही कारखान्याच्या पोत्यातलं वॅक्स खाद्य दर्जाचं नसतं. त्यात तेल किती, कशापासून तोडलंय, काही सांगता येत नाही. पॅकहाउसमध्ये मेण लावून घ्यायचं असेल तर डब्यावर परवानगीचं नाव बघून घ्या.


अंबडचा_बागवान :

लई उपकार झाले ताई. त्या व्यापाऱ्याला आजच सांगतो.


काळा_दाणा :

वॅक्स अजून कुठं कुठं जातं तेही थोडक्यात. रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे जे तापवून ओततात, त्या थर्मोप्लास्टिक रंगात थोडं पीई वॅक्स असतं, म्हणजे तो पातळ होऊन सपाट पसरतो. खोक्यांच्या आणि वह्यांच्या बाइंडिंगच्या हॉटमेल्ट डिंकात ते चिकटपणाचा वेळ ठरवतं. छपाईच्या शाईत अगदी बारीक दळलेलं वॅक्स घातलं की बियाण्याच्या पिशवीवरची छपाई घासून जात नाही. पावडर कोटिंगमध्ये ओरखडे कमी पडतात. सगळीकडे एकच नियम, वॅक्स वर येऊन बसतं. जास्त झालं की त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही.


शिफ्ट_बी :

ह्या शेवटच्या वाक्यावरून डोक्यात आलं. आमच्या पाइपावर इंकजेटचा छापा कधी कधी बोटानं पुसला जातो. ते ह्यामुळंच का? आणि आमच्याकडं तुकड्यांचा चुरा परत टाकतेत, त्याचा काही संबंध?


गोदाकाठ :

छाप पुसला जाणं हे वॅक्स वर आल्याचं लक्षण असू शकतं. पाइप ओला असतानाच छापला तरी तसं होतं, तेव्हा आधी हवेचा झोत नीट लागतोय का ते बघ. तो ठीक असेल तर वॅक्सकडे वळ.

चुऱ्याचा संबंध नक्की आहे. चुरा एकदा फ्यूज होऊन आलेला असतो, त्याचे दाणे आधीच फुटलेले. त्यामुळे नव्या पावडरीपेक्षा तो लवकर जुळतो. शिवाय त्याच्यातलं ल्युब्रिकंट त्याच्यासोबतच परत येतं. दर शिफ्टला चुऱ्याचं प्रमाण बदलत राहिलं तर वॅक्स कितीही काट्यावर मोजा, अँपिअर नाचणारच. चुरा ठरावीक टक्क्यानेच टाका, आणि फक्त आपल्याच मालाचा. कॅल्शियम कार्बोनेटचंही तसंच आहे. स्टिअरिक अॅसिडचा मुलामा नसलेलं आणलं तर ते बॅरलमध्ये घासतं आणि ल्युब्रिकंट शोषून घेतं. मग लोक म्हणतात वॅक्स खराब निघालं.

आता मिक्सर, कारण माझ्या मते निम्मी दुखणी तिथे सुरू होतात. हॉट मिक्सरला बाहेरून हीटर लागत नाही, पात्यांच्या घर्षणानेच पावडर तापते. रेझिन आणि स्टॅबिलायझर आधी, मग ८० अंशांच्या आसपास वॅक्स आणि बाकी ल्युब्रिकंट, शेवटी फिलर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बॅच ११५ ते १२० अंशांवर सोडायची आणि कूलरमध्ये ५० च्या खाली आणायची. घाई झाली की लोक १०० लाच बॅच सोडतात. आता ताईंनी सांगितलेला ड्रॉप पॉइंट आठवा. ११० च्या वर वितळणारं वॅक्स १०० अंशांत वितळेलच कसं? ते दाण्याचा दाणा राहतं. मग बॅरलमध्ये एका जागी वॅक्सचा लोंढा, दुसरीकडे कोरडं. त्याच पाइपात एक मीटर चकाकतो, पुढचा मीटर पिवळा पडतो. अशा वेळी हॉपरमध्ये वॅक्स सोडणं म्हणजे तीच चूक थंड तापमानात पुन्हा करणं. हॉपरमध्ये तर ते कुठेच पसरत नाही.


शिफ्ट_बी :

आमची बॅच १०५ ला सुटते दादा. गडबडीत त्याच्याही आधी. आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं की वॅक्स वितळायला पाहिजे म्हणून.


गोदाकाठ :

मग दुसरं काही बदलू नकोस. वनपॅक तोच, चुरा तेवढाच, हॉपरमध्ये वरून काही नाही. फक्त बॅच ११८ ला सोड आणि पूर्ण शिफ्टचा अँपिअर दर अर्ध्या तासाला वहीत लिही. मिक्सरचं थर्मोकपल (तापमान मोजणारी सळई) खरं दाखवतंय का ते आधी हातातल्या थर्मामीटरने ताडून बघ, कारण जुन्या मिक्सरांत ते मालात पुरतं बुडलेलंच नसतं. शिफ्टच्या सुरुवातीचा आणि शेवटचा, असे दोन तुकडे कापून ठेव. अॅसिटोनची चाचणी तुमच्याकडे होत नसेल तर इथे लिही.


प्रयोगशाळेतली :

तुकडे माझ्याकडे पाठवले तरी चालतील, बोटाएवढे पुरे. त्यावर तारीख, बॅचचं तापमान आणि त्या वेळचा अँपिअर पेनाने लिहा. एक तुकडा तुमच्या जुन्या पद्धतीच्या मालाचाही हवा, १०५ ला सोडलेल्या, वॅक्स वरून टाकलेल्या. तीन्ही एकाच बरणीत बुडवून निकाल इथेच टाकते.


शिफ्ट_बी :

जुना माल अजून यार्डात आहे. उद्या फोरमनला विचारून कापतो, आणि परवा शनिवारी संभाजीनगरला येणारच आहे, तवा आणून देतो.